टेबलावर ठेवलेला कायदा

१४ एप्रिल, सकाळी

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही लिस्बन स्ट्रीटवर तिसऱ्या मजल्यावर राहायचो. स्वयंपाकघरात एकच खुर्ची धड होती, ती माझी. रोझेर शेगडीशेजारी उभा राहायचा. मला चहा उकळता लागतो आणि पहिल्याच घोटाला जीभ भाजते, हे त्याला आठवड्याभरात कळलं. मग तो माझा कप उचलायचा, दोनदा फुंकर घालायचा आणि परत माझ्यासमोर ठेवायचा. कुणी पाहिलं असतं तर त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

गेली दोन वर्षं माझ्या चहावर कुणी फुंकर घातली नव्हती. रोझेरची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. आजाराचं नाव लांबलचक आहे. कारण कुणालाच सांगता येत नाही. बुटांच्या कारखान्यातला गोंद म्हणा, नाहीतर नशीब म्हणा. गेल्या हिवाळ्यात त्याला बॉस्टनच्या एका हॉस्पिटलात नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. आणि आज सकाळी त्याने माझा कप उचलला आणि फुंकर घातली. एकच. मी खिडकीबाहेर खार बघत असल्याचं दाखवलं. खार नव्हती.

म्हणून आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. ही चाचणी सरकारी पैशावर चालते आणि तो पैसा सप्टेंबरअखेर संपतो. चालू असलेल्या चाचण्या बंद पडू नयेत म्हणून वॉशिंग्टनमध्ये एक बिल आलं आहे. ते पास होणारच. मी स्वतः लक्ष घालायचं ठरवलं आहे.

रोझेरला सांगितलं. म्हणाला, आजवर घरी आलेली सगळी बिलं आपणच फेडली, हे एक तरी त्यांनी फेडू दे.

विनोद करतोय, म्हणजे औषध लागू पडतंय.

१६ एप्रिल

खासदार हार्लन विटकम यांच्या इथल्या कार्यालयात फोन केला. बिल ज्या आरोग्य समितीपुढे आहे, ते नेमके तिच्यावरच आहेत, यात मला देवाचा हात दिसतो. कार्यालय व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्तीच्या दुकानावर आहे. फोनवर डेल ऑर्कट नावाचे गृहस्थ होते. म्हणाले, तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं आहे, मॅडम. मी तोवर काहीच म्हटलं नव्हतं. इतकी तत्पर माणसं हल्ली मिळत नाहीत.

२२ एप्रिल

या देशात कायद्यांना माणसांची नावं देतात. ती पद्धत मला आवडते. ऑर्कटना सुचवलं, रोझेर थिबोडो कायदा. म्हणाले, कल्पना मनाला भिडणारी आहे, पण सहसा... आणि थांबले. सहसा काय, मी विचारलं. म्हणाले, सहसा ती माणसं हयात नसतात.

रोझेरला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, एफी, घाई नसेल तर मी थोडा थांबतो. घाई असेल तर तसं सांग.

मी म्हटलं, सहसा म्हणजे नेहमी नव्हे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शब्दांचे अर्थ पक्के शिकवले आहेत.

३ मे

चर्चच्या शनिवारच्या जेवणाची समिती. बीन्स, ब्राऊन ब्रेड, कोबीची कोशिंबीर. जगात काहीही होवो, हे बदलत नाही. मी पुन्हा चहाच्या किटल्यांचा विषय काढला. इथे चहा म्हणून एक कोमट पाण्याचा कप देतात आणि बाजूला कोरडी पुडी, जणू दोघांचं भांडण झालंय. नीट किटल्या घ्याव्यात ही माझी सूचना याच समितीने टेबल केली होती, आमची मुलं शाळेत होती तेव्हा. आज विचारलं, ती चर्चेला कधी घेणार? माझी नणंद क्लॉडेट तेव्हाही अध्यक्ष होती आणि आजही आहे. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, येईल गं एफी, वेळ आली की येईल. फादर ल्युसियन यांना खोकला आला. त्यांना हल्ली वारंवार येतो.

मी धीर सोडत नाही. तिकडे माझ्या माहेरी, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, मदर पर्पेट्युआ आम्हाला शुक्रवारी दुपारी संसद खेळायला लावायच्या. आवाज मोठा म्हणून मंत्री नेहमी मीच. कागद दोन्ही हातांत धरून वर्गाच्या मधोमध चालत जायचं आणि टेबलावर ठेवायचा. विधेयक टेबल झालं. मग सगळ्या मुली उठून उभ्या राहायच्या. फरशीला नुकतंच मेण लावलेलं असायचं, त्याचा वास. बुटांचा आवाज झाला तर मदर भुवई उचलायच्या.

इथल्या लोकांना त्या गांभीर्याची कल्पना नाही. पण शब्द तोच वापरतात, हे बरं आहे.

२० मे

समितीपुढे सुनावणी. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर पाहिली. मी आधीच लेखी निवेदन पाठवलं होतं. एक पान पुरे, असं ऑर्कट म्हणाले होते. एकवीस झाली, कारण लिस्बन स्ट्रीटपासून सुरुवात केल्याशिवाय चहाचं महत्त्व कळत नाही. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं की आलेली सर्व निवेदनं, कुणाची हरकत नसल्यास, नोंदीत घेतली जातील. कुणाचीही हरकत नव्हती. दोन्ही पक्षांत एकाचीही नाही.

रोझेरने विचारलं, पण वाचलं का कुणी?

म्हटलं, वाचल्याशिवाय हरकत नाही असं कसं म्हणतील?

म्हणाला, तू मला विचारतेस की त्यांना?

६ जून, सकाळी

संकल्प: ऑर्कटना आठवड्यातून एकदाच फोन करायचा. माणसाने आपला मान राखावा.

६ जून, दुपारी

फोन केला. वरचा संकल्प त्यांना कळवायला. ऑर्कट म्हणाले, मी मनापासून आभारी आहे. आवाजात खरी भावना होती.

९ जून

फोन केला. सोमवारपासून नवा आठवडा धरला आहे.

१२ जुलै

आज जेवणाला खासदारसाहेब स्वतः. बीन्स दोनदा घेतल्या. म्हणाले, माझी आजी अगदी अशाच करायची. (त्यांची आजी कॅलिफोर्नियात वाढली असं क्लॉडेटचं म्हणणं. क्लॉडेट कुणाबद्दल चांगलं बोलत नाही.)

रोझेरचा आजचा दिवस चांगला होता. ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीत ठेवून तो टेबलाटेबलावर पाव वाटत होता. किती महिन्यांनी. साहेबांबरोबरच्या फोटोग्राफरने विचारलं, नळी नाही का आणली? ऑर्कट खाली जाऊन सिलिंडर घेऊन आले. रोझेरने नळी नाकात घातली, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाला. रोझेरने नळी काढली आणि पावाची टोपली उचलली. मला म्हणाला, सिलिंडर सुरू करायला विसरले ते, पण फोटोत हवा दिसत नाही, तेव्हा चालेल.

मी साहेबांना सरळ विचारलं, बिलाचं कसं? त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, एफी, मी रोज सकाळी रोझेरचा विचार करतो. नावं तोंडपाठ होती. आमच्या छातीवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, हे खरं. तरी त्या वाचाव्या लागतातच.

परत येताना क्लॉडेट म्हणाली, माणूस जेवायला छान आहे.

१९ ऑगस्ट

टपालाने साहेबांचं पत्रक आलं. पहिल्या पानावर रोझेर, नळी आणि साहेबांचा हात. खाली मोठ्या अक्षरांत, प्रत्येक श्वासासाठी लढणारा खासदार. रोझेर फोटोत फार देखणा दिसतो. पत्रक फ्रिजवर लावलं. रोझेर म्हणाला, आत ठेव, जास्त टिकेल.

काँग्रेस, म्हणजे वॉशिंग्टनची संसद, सध्या सुट्टीवर आहे. सगळे आपापल्या घरी विचार करायला गेले आहेत. मोठे निर्णय घरीच होतात.

आज बॉस्टनची फेरी होती. मॅव्हिस नावाची चाचणीची नर्स आहे, तिने सप्टेंबरच्या कॅप्सूलची बाटली दिली आणि म्हणाली, त्यापुढच्या महिन्याच्या मी अजून मागवू शकत नाही. पैसा आला की मागवेन. मी म्हटलं, येणारच आहे. तिने माझ्याकडे बघितलं नाही, रोझेरकडे बघितलं. मग झाकण घट्ट लावत जा एवढंच म्हणाली.

येताना रोझेर गाडीत झोपला होता. म्हणजे डोळे मिटले होते.

संकल्प: मॅव्हिसला नाताळात काहीतरी विणून द्यायचं. बिचारीला फार काळजी असते.

९ सप्टेंबर

ऑर्कटचा फोन. त्यांनी आपणहून केला. १७ तारखेला बिल समितीत मार्क-अपला आहे. मार्क-अप म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको, मी अकरा वर्षं कपड्यांच्या दुकानात काम केलं आहे. वस्तूची किंमत वाढवून लावायची. म्हणजे रक्कम आणखी वाढवताहेत. ऑर्कट म्हणाले, त्यात फक्त कलमं खालीवर करून मत घेतात, फार आशा ठेवू नका. हा त्यांचा विनय.

बेकरीत जाऊन केक सांगून आले. डोरीनने विचारलं, कायदा नक्की झालाय का? म्हटलं, तारीख लागली आहे. तिने विचारलं, लिहायचं काय? तीन ओळी, निळ्या रंगात. रोझेर. थिबोडो. कायदा. चारी कडांना गुलाब. २० तारखेला, शनिवारच्या जेवणाला.

क्लॉडेट म्हणाली, अगं, आधी होऊ तर दे. म्हटलं, तुझा स्वभावच असा. तू किटल्यांच्या वेळीही अशीच होतीस.

यावर ती एकदम हवामानाबद्दल बोलू लागली. मनाला लागलं असावं.

१७ सप्टेंबर, सकाळी साडेअकरा

ऑर्कटचा फोन आला. समितीने बिल टेबल केलं.

तेरा विरुद्ध बारा. ऑर्कट म्हणाले, हे तुम्हाला फोनवर सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं. मी म्हटलं, अहो, वाईट कसलं? तुम्हीच तर इतकं केलंत. माझ्यामुळे तुमच्या कानांना किती त्रास. त्यांनी दोनदा घसा साफ केला. त्यांनाही भरून आलं असणार. मी विचारलं, साहेबांनी मत कुठे दिलं? म्हणाले, टेबल करण्याच्या बाजूने. मला माहीतच होतं. एका मताने झालं, म्हणजे साहेबांच्याच मताने झालं. म्हटलं, साहेबांना निरोप द्या की एफी थिबोडो तुम्हाला देवदूत मानते. अगदी याच शब्दांत द्या.

ऑर्कट म्हणाले, देतो.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी

रोझेर मागच्या अंगणात टोमॅटो काढत होता. मी सांगितलं. त्याने विचारलं, टेबल केलं, असं म्हणाले? हाच शब्द? म्हटलं, हाच. आता समितीच्या टेबलावर आहे, मग सभागृहाच्या. त्याने हातातला टोमॅटो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. डाग असावा. मग म्हणाला, छान झालं, एफी. तू खूप केलंस.

आत येऊन त्यानेच चहा ठेवला. दोनदा फुंकर घातली. दुसऱ्या फुंकरीनंतर ओट्याला धरून थोडा उभा राहिला.

१८ सप्टेंबर

सकाळपासून गाणं तोंडात आहे. कॉन्व्हेंटमधली सगळी मेरीमातेची गाणी. क्लॉडेटला फोनवर बातमी सांगितली. ती म्हणाली, अगं एफी, पण टेबल म्हणजे, आणि तेवढ्यात रोझेरने माझ्या हातून फोन घेतला आणि त्यांच्या घरच्या फ्रेंचमध्ये बोलत मागच्या दारी गेला. त्या दोघांना वाटतं की इतक्या वर्षांत मला त्यांचं फ्रेंच समजायला लागलं नसेल. खरंच लागलेलं नाही. पण नाही, नाही, नाही एवढं ऐकू आलं. माझ्यासाठी काहीतरी गुपचूप ठरवताहेत. शनिवारी मी आश्चर्य वाटल्याचं दाखवणार.

१९ सप्टेंबर

ऑर्कटना फोन. उद्याच्या जेवणाला साहेबांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती. केकवर काय लिहिलंय तेही सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, मॅडम, उद्या तुम्ही घरी किती वाजता असाल? म्हणजे साहेब घरी येणार. पडदे धुतले.

२० सप्टेंबर, शनिवार, दुपार

केक सकाळी आला. डोरीनने गुलाब फार सुरेख काढले आहेत. क्लॉडेट मदतीला आली होती आणि एकही खोचक शब्द बोलली नव्हती, यावरूनच मला कळायला हवं होतं.

ऑर्कट एकटेच आले. टाय नव्हता. आत या म्हटलं तर आले नाहीत, पायपुसण्यावरच उभे. मी त्यांना पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. माझ्या धाकट्या भावाएवढे असतील. म्हणाले, मिसेस थिबोडो, मी त्या दिवशी नीट सांगायला हवं होतं. इथे टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं. ते पुन्हा निघत नाही. ते संपलं आहे.

मी म्हटलं, नाही. टेबल करणं म्हणजे मांडणं. विधेयक चालत न्यायचं आणि टेबलावर ठेवायचं. मग सगळे उभे राहतात.

म्हणाले, तुमच्या तिकडे असेल. तिकडे कॅनडात तसंच आहे, मी पाहिलं शोधून. इथे उलट आहे.

मी विचारलं, मग साहेबांनी त्या बाजूने मत का दिलं?

ते दाराच्या कडीकडे बघत म्हणाले, साहेबांचं म्हणणं असं की ते बिलाच्या विरोधात नाहीत. त्यांनी विरोधात मत दिलेलंच नाही. फक्त बाजूला ठेवायला दिलं.

मी विचारलं, माझा निरोप दिलात?

म्हणाले, दिला. साहेबांना आवडला. पुढच्या पत्रकात घालायचा म्हणत होते. मी नको म्हटलं.

ते गेले. रोझेर केकजवळ बसला होता. मी विचारलं, तुला कधी कळलं?

म्हणाला, तू शब्द सांगितलास तेव्हाच.

मग बोलला का नाहीस?

म्हणाला, तू स्वयंपाकघरात गात होतीस.

क्लॉडेट सिंकमध्ये स्वच्छ बशी पुन्हा घासत होती. मला एकदम आठवलं म्हणून तिला विचारलं, आणि किटल्या? तिने नळ बंद केला. म्हणाली, किटल्या त्याच दिवशी मेल्या गं एफी. तू इतकी खूश होऊन घरी गेलीस की कुणाला सांगवेना. मग दर वर्षी आणखी अवघड होत गेलं.

२१ सप्टेंबर

काल जेवणाला गेलो नाही. रोझेरला रात्रीपासून नळी लावली आहे. कॅप्सूलची बाटली खिडकीत आहे. झाकण घट्ट लावलं आहे.

संकल्प नाही.

केक आहे. कायदा झाला नाही म्हणून डोरीन तो परत घेणार नाही, आणि तिने का घ्यावा? तो असा वाटायचा:

कायदा हा शब्द असलेला तुकडा खासदार विटकम यांना. क्लॉडेट उद्या नेऊन देईल. साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. कुठल्या अर्थाने ते त्यांनी ठरवावं.

ऑर्कटना एका कोपऱ्याचा गुलाब, वेगळ्या डब्यात, कारण ते पायपुसण्यापर्यंत आले. डबा परत केला नाही तरी चालेल. फोन करणार नाही, असंही कळवावं. त्यांना बरं वाटेल.

थिबोडो हा तुकडा क्लॉडेटला. नाव आधी तिचं आहे, मी नंतर आले. आणि तीन दिवस ती गप्प राहिली. तिला ते किती जड गेलं असेल, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

कडेचे बाकीचे गुलाब फादर ल्युसियन आणि समितीला. किटल्यांचा विषय मी मागे घेत आहे असं सांगावं. (घेत नाही. ऑक्टोबरच्या बैठकीत पुन्हा काढेन. पण यावेळी शब्द जपून वापरेन.)

मॅव्हिसला उरलेला कोपरा. मंगळवारी बॉस्टनला चाचणीचं सगळं परत करायला जायचं आहे, तेव्हा नेईन. तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं, एवढंच.

रोझेर या शब्दाला कुणीही सुरी लावायची नाही. ते नाव कायद्याला गेलं नाही. ज्याचं आहे त्याच्याकडेच आहे, आणि तो ते चमच्याने खाणार आहे. आता, माझ्यासमोर. सुरुवात डावीकडून करायची की उजवीकडून असं मला विचारतोय, म्हणजे त्याचं इंग्रजी अजूनही माझ्याहून वाईट आहे.

मला काही नको. चहा ओतला आहे. तो मघाशी कप उचलायला उठत होता. मी म्हटलं, राहू दे. गार होईपर्यंत मी थांबेन. मला घाई नाही.